धोट्याच्या भोकातून दिसणारा इतिहास

शाळेच्या पुस्तकात यंत्रांचा इतिहास एका तक्त्यात कोंबलेला असतो. डाव्या हाताला यंत्र, उजव्या हाताला शोधकाचं नाव, मधे साल. धावता धोटा, जॉन के, १७३३. वॉटर फ्रेम, आर्कराईट, १७६९. म्यूल, क्रॉम्प्टन, १७७९. पोरं घोकतात, जोड्या लावतात, मार्क घेतात, विसरतात. ह्या तक्त्यात ज्यांनी यंत्र चालवलं त्यांच्यासाठी रकानाच नाही.

दुसरा एक तक्ता आपल्या कवितेत आहे. गिरणी म्हणजे राक्षस, भोंगा म्हणजे त्याची डरकाळी, चिमणी म्हणजे त्याचं नाक, आणि कामगार म्हणजे त्याचा घास. असल्या कविता मी ढिगानं वाचल्यात, संमेलनात ऐकल्यात. त्यातला संताप खोटा नाही. ज्याच्या छातीत कापसाची फुफाटी बसलीय त्याला यंत्र राक्षस वाटलं तर त्यात चूक काय? पण कविता म्हणून तपासा. तिच्यात कामगार एकच काम करतो: खाल्ला जातो. त्याच्या बोटांना काही येतं, त्याच्या डोक्यात काही चालतं, त्यानं यंत्राला कुठं वळवलं, कुठं अडवलं, ह्याचा पत्ता नाही. शाळेच्या तक्त्यात शोधक देव आहे, कवितेत यंत्र दैत्य आहे. देव आणि दैत्य ह्यांच्या मारामारीत आपले हात गायब.

दहावीनंतर माझी शाळा सुटली. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेले धागे सांधतो. जे वाचलं ते पाळी संपल्यावर वाचलं. त्या वाचनाच्या आणि ह्या बोटांच्या जोरावर मला ह्या दोन्ही तक्त्यांशी भांडायचं आहे. आणि त्याच्या पुढं जाऊन 'सामान्य माणूस' ह्या शब्दाशीही भांडायचं आहे. कारण हा शब्द फार गोड आहे आणि गोड शब्दाखाली जात लपते हा आपला अनुभव आहे.

आधी तक्ता उकरून बघू. जॉन केच्या आधी रुंद कापड विणायला मागावर दोन माणसं लागत. धोटा एकानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. केनं दोरी ओढून धोटा पळवायची युक्ती काढली, एका माणसात काम भागू लागलं. माग वेगानं सूत खाऊ लागला. आता सूत कातायचं कुणी? कातणं हे घरातल्या बायापोरांचं काम. एका मागाला सूत पुरवायला कितीतरी चरखे लागायचे. सूत पुरत नाही हे दुखणं लँकेशायरच्या प्रत्येक विणकराच्या घरात माहीत होतं. पुस्तक जणू असं सांगतं की एका सकाळी एका बुद्धिमान माणसाला कल्पना सुचली. खरं तर ते दुखणं हजारो घरांनी आधी सोसलेलं होतं.

जेम्स हारग्रीव्ह्ज हा असाच एक निरक्षर विणकर, सुतारकाम जाणणारा. १७६४ च्या सुमारास त्यानं एका चाकावर आठ चात्या फिरवल्या. १७६८ साली लोकांनी त्याची यंत्रं फोडली, तो नॉटिंगहॅमला गेला. १७७० साली पेटंट घेतलं, पण त्याआधीच काही यंत्रं विकलेली असल्यानं ते पेटंट टिकलं नाही. पुढं कारागिरांनी चात्या वाढवत नेल्या. आठाच्या ऐंशी झाल्या, शंभराच्यावर गेल्या. ज्यांनी वाढवल्या त्यांची नावं तक्त्यात नाहीत.

सॅम्युअल क्रॉम्प्टननं म्यूल काढलं, पेटंट घेतलं नाही. कारखानदारांच्या वर्गणीच्या भरवशावर यंत्र उघडं करून दाखवलं. वर्गणी हाती आली ती किरकोळ. त्याच्या यंत्रावर इंग्लंड श्रीमंत झालं आणि १८१२ साली पार्लमेंटनं त्याला पाच हजार पौंड देऊन विषय मिटवला. आर्कराईटची गोष्ट तर आणखी मजेची. हा मुळचा न्हावी, केसांचे टोप करणारा. १७८५ साली त्याच्या पेटंटचा खटला कोर्टात उभा राहिला. जॉन के नावाचा एक घड्याळजी (हा धोटेवाला के नव्हे) आणि टॉमस हाईज नावाचा कारागीर त्याच्याविरुद्ध साक्षीला आले. पेटंट रद्द झालं. दुसऱ्या वर्षी, १७८६ साली, राजानं आर्कराईटला 'सर' केलं. कोर्टानं काढून घेतलं ते राजानं दिलं, आणि तक्त्यात नाव त्याचंच राहिलं. इतिहास कुणाच्या बाजूनं लिहिला जातो ह्याचा ह्याहून स्वच्छ दाखला नको.

यंत्र फोडणाऱ्यांना पुस्तकं अडाणी म्हणतात. १८११ साली नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडले. त्यांना लुडाईट म्हणतात. पण ते सरसकट फोडत नव्हते. जो मालक मजुरीचे दर पाडतो, हलका माल काढून धंद्याचं नाव घालवतो, त्याचे माग फोडायचे. दुसऱ्याचे शेजारी उभे असले तरी सोडायचे. म्हणजे त्यांचं भांडण लाकडा-लोखंडाशी नव्हतं. हे यंत्र कुठल्या दरानं, कुणासाठी चालायचं, ह्याचा हिशोब ते मागत होते. १८१२ साली सरकारनं माग फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. हिशोब मागणाऱ्याला अडाणी ठरवलं की हिशोब द्यावा लागत नाही.

आता हातांची ताकद बघा. म्यूल चालवणारे कातारी इतके पक्के की त्यांनी काम थांबवलं की गिरणी मुकाट. १८२४ साली संप झाला तेव्हा मालक रिचर्ड रॉबर्ट्स नावाच्या मेकॅनिककडे गेले. आपोआप चालणारं म्यूल कर, ह्या लोकांची मिजास उतरव. त्यानं १८२५ आणि १८३० साली पेटंट घेतली. यंत्राचा जन्मच संप मोडण्यासाठी. झालं काय? यंत्र आलं, पण कातारी गेला नाही. धागे सांधायला, यंत्राची नाडी ओळखायला, हाताखालच्या पोरांकडून काम करून घ्यायला माणूस लागलाच. कातारी संघटनेच्या जोरावर पुढं कित्येक वर्षं तिथंच ठाण मांडून बसले. मालकानं मागवलेल्या यंत्राला कामगारानं आपल्या अटीवर चालायला लावलं. साधी माणसं यंत्राचा इतिहास घडवतात ती अशी.

इथवर मार्क्सवादी मित्र माझ्या पाठीवर थाप मारतील. पण थांबा. त्याच कातारी पुरुषांनी म्यूलवर बायांना येऊ दिलं नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या कातणारी बाई गिरणीत कातारी होऊ शकली नाही, ती दुय्यम कामावर राहिली. म्हणजे साध्या माणसांनी यंत्राला वळण दिलं आणि त्याच वळणावर दुसऱ्या साध्या माणसांना ढकलून दिलं. इतिहासात 'सामान्य माणसाचं योगदान' असं लिहिणारे ही ओळ गाळतात. आपल्याला ती गाळता येत नाही. कारण हीच यंत्रं बोटीत बसून मुंबईला आली तेव्हा त्या ओळीला जात फुटली.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत सूतगिरणी काढायची कंपनी उभी केली. पुढं लँकेशायरची यंत्रं येत गेली, कोकणातून-देशावरून माणसं येत गेली. इथंही साध्या माणसांनी यंत्राला वळवलं. यंत्राला थकवा नाही, म्हणून माणसालाही नसावा असा मालकाचा कायदा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आज सगळा देश रविवारी उशिरा उठतो, पण त्या झोपेवर लोखंडेंचं नाव कुणी घेत नाही. यंत्र किती वेळ चालणार हाही यंत्राचाच इतिहास आहे.

आता धोट्याकडं या. धोटा म्हणजे लाकडाची छोटी होडी. पोटात सुताची कांडी, बाजूला एक बारीक भोक. बाण्याचा धागा त्या भोकातून बाहेर येतो आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडं पळतो. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक भोकातून बाहेर काढायचं. झटपट उपाय एकच: भोकाला तोंड लावायचं आणि श्वासानं धागा ओढायचा. दिवसात किती वेळा? कांड्या संपतील तितक्या वेळा. पाळी बदलली की दुसरा विणकर त्याच धोट्याला तोंड लावणार.

बस्स. ह्या एका भोकावर मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांचा रस्ता अडवला गेला. अस्पृश्यानं तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नाही. म्हणून अस्पृश्याला विणाई खात्यात प्रवेश नाही. त्यानं रिंग खात्यात जावं, झाडू मारावा. आणि विणाई खात्यात मजुरी जास्त होती हे विसरू नका.

ज्यांचा हात विटाळाचा ठरवला ते कोण? विदर्भात कितीतरी महारांच्या घरी हातमाग होते. जाडंभरडं कापड विणून ते गावाला नेसवत होते. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं त्या तिघांतले कबीर विणकरच. विणणं आमच्या लोकांना ठाऊकच नव्हतं असं कुणी म्हणायचं कारण नाही. अडथळा कसबाचा नव्हता.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. विणकरानं दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत असली मालकांची योजना होती, तिच्याविरुद्ध. लाल बावटा आघाडीवर. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं: अस्पृश्यांना विणाई खातं बंद आहे, ते उघडावं ही मागणी तुमच्या यादीत कुठं आहे? ती घ्या, नाहीतर आमच्या लोकांना ह्या संपापासून दूर राहायला सांगावं लागेल. तेव्हा कुठं ती मागणी नाखुशीनं यादीत गेली. मालकांनी हात झटकले: हा अन्याय असला तर त्याचा दोष आमच्याकडं नाही. त्यात अर्धं सत्य होतं आणि तेच जास्त झोंबणारं आहे. दाराला कडी लावणारा हात कामगाराचा होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागं असा कडीचा अनुभव होता. पोथीतून काढलेलं ते सूत्र नव्हे.

आता मला कारागीर म्हणून एक प्रश्न विचारायचा आहे, जो समीक्षक विचारत नाहीत. हे भोक तोंडानंच ओढायला हवं होतं का?

नाही. तारेच्या बारीक आकड्यानंही धागा काढता येतो. थोडा वेळ जास्त जातो इतकंच. अमेरिकेत जेम्स नॉर्थ्रॉप नावाच्या, इंग्लंडातून तिथं गेलेल्या मेकॅनिकनं आपोआप कांडी बदलणारा साचा केला, १८९४ साली त्याचं पेटंट झालं. त्यात धागा आपसूक ओवला जाईल असा धोटाही होता. मॅसॅच्युसेट्स राज्यानं तर १९११ साली तोंडानं ओढायच्या धोट्यावर कायद्यानं बंदी घातली, कारण एकाच्या थुंकीतून दुसऱ्याला क्षयासारखे रोग जडतात ही भीती. भोक तेच, थुंकी तीच. तिथं थुंकीत रोग शोधला, इथं थुंकीत जात शोधली.

मग विचार करा दोस्तहो. मुंबईच्या सवर्ण विणकराला दुसऱ्याच्या थुंकीची खरोखर किळस असती तर त्यानं काय मागितलं असतं? आकडा मागितला असता. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा धोटा मागितला असता. नवा धोटा मागितला असता, जो अमेरिकेत तेव्हा चालत होता. त्यात त्याच्याच छातीचं भलं होतं. पण त्यानं आकडा मागितला नाही, आम्ही नकोत हे मागितलं. कारण आकड्यानं विटाळ गेला असता आणि विटाळ गेला की जास्त मजुरीचं खातं उघडावं लागलं असतं. भोक हे निमित्त होतं. आणि निमित्त शाबूत राहावं म्हणून त्यानं स्वतःच्या तोंडात सुताची फुफाटी आणि दुसऱ्याचा क्षय घ्यायचं पत्करलं. जात माणसाला स्वतःच्या फुफ्फुसाविरुद्ध मत द्यायला लावते. मालकाचंही ह्यात बिघडत नव्हतं. स्वस्त माणूस असताना महाग साचा कोण घेतो?

म्हणून मी म्हणतो, यंत्राला जात नसते हे वाक्य अर्धवट आहे. लँकेशायरहून निघताना धोट्याला जात नव्हती. इथल्या साध्या माणसांनी ती बसवली, जसा मेकॅनिक सुटा भाग बसवतो. बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' मधे रेल्वेतल्या नोकरदाराची गोष्ट सांगितली, तेव्हा हेच दाखवलं की कामाच्या जागी शिरताना जात फाटकावर काढून ठेवता येत नाही. आपल्या कवितेनं तिथून पुढं जायला हवं होतं, थेट यंत्राच्या आत. आपण राक्षसापाशीच थांबलो.

थांबल्यानं नुकसान काय झालं ते सांगतो. आपली माणसं रिंग खात्यात ढकलली गेली, पण तिथं ती नुसती पडून राहिली नाहीत. रिंग फ्रेमवर प्रत्येक चातीभोवती एक कडं, कड्यावर तारेचा एक इवलासा तुकडा धावतो, त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. धागा तुटला की चाती दाबून थांबवायची, टोक शोधायचं, ट्रॅव्हलरखालून घ्यायचं, वरच्या रोलरातून येणाऱ्या कापसाला भिडवायचं आणि चाती सोडायची. सगळं काही सेकंदांत, आणि शेजारची चाती तोवर तुटलेली. हवा कोरडी पडली की धागे जास्त तुटतात, हे मीटर बघण्याआधी बोटांना कळतं. मालकानं हलका कापूस मिसळला तर तेही आधी आम्हालाच कळतं, कारण तुटीचं प्रमाण वाढतं. कापसात मालकानं वाचवलेला पैसा सांधणाऱ्याच्या पायांतून आणि बोटांतून वसूल होतो. जुन्या मुंबईतही तेच, आजही तेच. ही अक्कल कुठल्या तक्त्यात आहे? पगाराच्या चिठ्ठीत तिला अकुशल म्हणतात.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बसल्या, जमिनीवर टॉवर आले. पण गिरण्यांनी टाकून दिलेले जुने साचे त्याच्या आधीपासूनच मागवाल्यांच्या शेडमधे जाऊन चालत होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला जा. पत्र्याच्या शेडमधे साध्या धोट्याचे माग अजून खडखडतात. जगात बिनधोट्याचे साचे येऊन कित्येक दशकं उलटली. तरी हे चालतात, कारण कुणीतरी घासून, वेल्डिंग मारून, चामड्याचा पट्टा बदलून त्यांना जिवंत ठेवतो. शोध एकदा लागतो, दुरुस्ती रोज लागते. तक्त्यात शोधाला साल आहे, दुरुस्तीला नाही.

आणि कागदाचंही बघा. सायक्लोस्टाईल यंत्र कशासाठी आलं? साहेबाची परिपत्रकं काढायला. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या आधीच्या पोरांनी त्याच यंत्रात स्टेन्सिल घालून कविता काढल्या, मोर्च्याची पत्रकं काढली. ज्यांना छापखाना परवडत नव्हता आणि ज्यांचं लिखाण प्रस्थापित मासिकं परत पाठवत होती, त्यांनी ऑफिसातल्या यंत्राचं काम बदलून टाकलं. यंत्र तेच, हेतू आपला. ज्यानं ते यंत्र बनवलं त्याच्या स्वप्नातही हे नव्हतं. धोट्यावर आपल्याला तोंड लावू दिलं नाही. स्टेन्सिलवर आपण बोललो.

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रांना माझं सांगणं तीन गोष्टींचं. एक, राक्षसाची प्रतिमा काही काळ खुंटीला टांगा. गिरणीवर कविता लिहायची तर आधी एक पाळी यंत्रापाशी उभं राहा आणि कुठला भाग काय करतो ते नावानिशी शिका. दोन, वस्तीत जुने गिरणीवाले थोडेच उरलेत. त्यांना नुसतं दुःख विचारू नका, काम विचारा. कुठल्या खात्यात होतात, तिथंच का होतात, यंत्र बिघडलं तर काय युक्ती करत होता, पाणी कुठं पीत होता. उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. तीन, 'सामान्य माणूस' हा शब्द कुणी लेखात वापरला तर तिथल्या तिथं विचारा: कोण? विणाई खात्यातला का रिंग खात्यातला? बाई का पुरुष? दारातला का दाराबाहेरचा?

आज नव्या यंत्रांची भाषणं चालू आहेत. ह्या यंत्रांना जात कळत नाही असं छाती ठोकून सांगतात. धोट्यालाही कळत नव्हती. म्हणून कुठलंही यंत्र समोर आलं की त्यातलं भोक शोधा: कुणाला आत घेणार, कुणाला बाहेर ठेवणार, आणि बाहेर ठेवायला निमित्त काय सांगणार. ते निमित्त सापडलं की आकडा मागा. साधा तारेचा आकडा. जो आकडा द्यायला तयार नाही त्याला विटाळाची चिंता नाही, मजुरीची आहे, हे चारचौघांत बोला.

जय भीम.